उजवी बाजू वर

असाकुसाच्या त्या थिएटरात लोक हसले आणि कानेजिरो उएकुसाचं डोकं फिरलं. पुढचं सगळं रामायण तिथून सुरू झालं.

लोक हसले ते उगाच हसले असं मी म्हणणार नाही. दृश्यच तसं होतं. काही वर्षांपूर्वी कानेजिरोने 'हान्झाकी' नावाच्या चित्रपटात काम केलं होतं. हान्झाकी म्हणजे आमच्या डोंगरी नद्यांतला तो भला थोरला, चिखलाच्या रंगाचा, पालीसारखा दिसणारा प्राणी. चित्रपटात तो बॉम्बच्या चाचणीमुळे फुगून डोंगराएवढा होतो, सुमिदा नदीतून वर येतो आणि अर्धं तोक्यो आडवं करतो. चित्रपट धो धो चालला. मग अमेरिकेहून रॅगलंड नावाचा एक निर्माता आला, त्याने तो विकत घेतला, घरी नेला आणि खाटकाने बोकड सोलावा तसा सोलला. निम्मा फेकून दिला. उरलेल्यात आपला एक गोरा घुसवला. तोंडात पाइप, अंगात रेनकोट, म्हणे वार्ताहर! हा शहाणा खिडकीत उभा राहून 'बापरे, केवढा हा राक्षस' म्हणतो आणि पुढच्याच क्षणी आमच्या लोकांनी रक्त आटवून उभारलेलं ते लाकडाचं छोटेखानी तोक्यो कोसळतं. जणू काय याच्यासाठीच कोसळतंय! आणि कळस असा, की हे सोललेलं बोकड खाली जपानी अक्षरं चिकटवून परत आमच्याकडेच आलं. वर पाटी, 'अमेरिकेत गाजलेला!' आपल्याच घरचा भात शेजाऱ्याने उष्टा करून परत पाठवला आणि आम्ही रांगा लावून तो खाल्ला. काय बोलायचं आता!

कानेजिरोची त्यात लाकडी पादत्राणं बनवणाऱ्या म्हाताऱ्याची भूमिका होती. मूळ चित्रपटात हा म्हातारा पहिल्यापासून शेवटपर्यंत होता. अमेरिकी कातरीतून वाचला तो एवढाच, की एका दृश्यात तो बसून चहा पितो. तेही नीट ठेवलं असतं तर गोष्ट वेगळी. पण पाइपवाला डावीकडे बसवलेला, म्हातारा बघतोय भलतीकडे. मग त्या लोकांनी काय करावं? आरशात दिसावं तसं दृश्यच उलटं छापलं. झालं, दोघं समोरासमोर! आणि म्हाताऱ्याच्या किमोनोची छातीवरची उजवी बाजू डावीच्या वर आली.

आमच्याकडे जिवंत माणूस डावी बाजू वर घेतो. उजवी बाजू वर घ्यायची ती फक्त मढ्याच्या अंगावर, शेवटची अंघोळ झाल्यावर. शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं.

"अरे, म्हातारा मेलाय की!" मागून कुणीतरी ओरडलं.

"मेला तरी चहा सुटत नाही बघ लेकाचा!"

अख्खं थिएटर खदखदलं. कानेजिरोने शेजारी पाहिलं. त्याची बायको सावा हसली नव्हती. ती पडद्याकडे टक लावून बसली होती, अगदी शेवटचं अक्षर जाईपर्यंत, आणि दिवे लागल्यावरही उठेना.

घरी येताना ती एवढंच म्हणाली, "तोशीचं दाखवलं नाही त्यांनी."

"माझं मढं केलं, ते पाहिलंस ना?" कानेजिरो दातओठ खात म्हणाला.

"पाहिलं," ती म्हणाली.

तोशी म्हणजे तोशिए, त्यांची एकुलती एक मुलगी. युद्धाच्या शेवटच्या वसंतात तोक्योच्या होन्जो भागावर अमेरिकी विमानांतून आग बरसली, तेव्हा ती तिथल्या कारखान्यात होती. प्रेत मिळालं नाही. नवराबायको नदीकाठच्या ढिगाऱ्यांतून किती दिवस हिंडले, त्याचं वर्णन मी करत नाही, करवत नाही. घरात फोटो होता, उदबत्ती होती, पण तिला कुणी शेवटचं न्हाऊ घातलं नव्हतं की कपडा घातला नव्हता. आणि 'हान्झाकी'त म्हाताऱ्याला नेमकं तेच करायचं होतं. राक्षस गेल्यावर ढिगाऱ्यात मुलगी सापडते, तो तिला निरोप देतो. कागदावर दोन ओळी होत्या. त्या दिवशी कानेजिरो बोलतच राहिला. दिग्दर्शकाने थांबवलं नाही, कॅमेरेवाल्याने थांबवलं नाही, दिवे धरून उभी असलेली माणसं नाकं पुसत होती. चित्रपट लागला तेव्हा सावा जेवणाचा डबा घेऊन जवळजवळ रोज जायची. तेवढा प्रसंग बघायची आणि उठून यायची. शेजारणी म्हणायच्या, नवऱ्याचं केवढं हे कौतुक! सावा त्यांना काही सांगत नसे.

तोच प्रसंग अमेरिकेत कापला होता. आणि कानेजिरोच्या डोक्यात मात्र ते हसू घुमत होतं. नट शेवटी नटच. पोरीचंही दुःख होतं, नाही असं नाही. पण ते हसू वरचढ ठरलं.

हिवाळ्याच्या तोंडाशी बातमी आली, की रॅगलंड स्वतः तोक्योत येतोय. त्याने आमचा दुसरा राक्षसपटही घेतला होता. आणि या वेळी पाइपवाल्याची दृश्यं तो इथंच, आमच्या स्टुडिओत, आमच्याच माणसांच्या शेजारी उभं करून घेणार होता.

"येऊ दे," कानेजिरो आरशापुढे दाढी करताना म्हणाला, "येऊ दे त्याला. माझं मढं केलं काय! बघतो."

सावा आतून म्हणाली, "काय बघता?"

"काही नाही. तू भाजी बघ."

रॅगलंड आला. लालबुंद, आडव्या अंगाचा, हसरा माणूस. वाईट नव्हता हो, हेच तर वाईट! शिव्या द्यायला एक तरी शिंग असावं की नाही माणसाला? इवाहाशी नावाची तरुण दुभाषी त्याच्या बरोबर असायची. कानेजिरोला पाहताच तो धावत आला आणि त्याच्या खांद्यावर दणदणीत थाप मारली.

इवाहाशी खाली बघत म्हणाली, "साहेब म्हणतात, हाच ना तो चहा पिणारा म्हातारा? फार गोड काम होतं म्हणतात."

"त्यांना म्हणावं, आपल्या कृपेने चहा अजून उतरतोय घशाखाली," कानेजिरो कमरेत वाकून म्हणाला. इवाहाशीने त्याचं भाषांतर नुसतं 'आभारी आहे' असं केलं. शहाणी पोरगी होती.

संधी आपल्या पायांनी चालत आली. सिनेमाच्या साप्ताहिकाचा फोटोवाला आला होता आणि रॅगलंडला हौस आली, आपण किमोनोत फोटो काढायचा, राक्षसाच्या शेजारी. कपड्यांच्या खोलीतली शिनोबाई त्याच्या मापाचा किमोनो शोधून घेऊन आली. ती नेसवायला पुढे झाली तोच कानेजिरो मध्ये आला.

"थांबा. एवढे मोठे पाहुणे. त्यांना सगळ्यांत वडीलधाऱ्या माणसाने नेसवावं. तीच रीत."

अशी कुठली रीत नाही. पण इवाहाशीने सांगितलं आणि रॅगलंड एवढा भारावला, की त्याने छातीवर हात ठेवून मान लववली.

कानेजिरोने आधी डावी बाजू आत घेतली, सारखी केली. मग उजवी वरून आणली. शिनोबाईचा हात तोंडावर गेला. राक्षसाच्या पोटातला नट रबरी मुंडकं काखेत मारून भाताचा गोळा खात होता. त्याचा घास तिथेच राहिला. सुतार थांबले, दिवेवाले थांबले. एकाने तोंड उघडलं असतं तरी खेळ संपला असता. पण त्यांतल्या किती जणांनी महिनेन् महिने राबून बांधलेली घरं त्या माणसाने केराच्या टोपलीत टाकली होती! सगळा स्टुडिओ घट्ट मिठाची गुळणी धरून उभा. कानेजिरोने पट्टा आवळला, दोन पावलं मागे सरकला आणि म्हणाला, "वा! आता कसं शोभतंय!"

रॅगलंड दात काढून उभा राहिला. फोटोवाल्याने एकदा भिंगातून पाहिलं, एकदा कानेजिरोकडे पाहिलं, आणि कळ दाबली. तोही आमच्यातलाच.

साप्ताहिक बाजारात आलं आणि तोक्योभर हशा पिकला. न्हाव्याच्या दुकानात, नूडलवाल्याच्या गाडीवर, सार्वजनिक न्हाणीघरात तोच फोटो. 'अमेरिकेचं मढं बघितलं का? केवढं टवटवीत!' कानेजिरोने एक अंक विकत घेऊन घडी करून खिशात ठेवला होता, दर थोड्या वेळाने काढून बघायचा. असं गार वाटलं त्याला, असं गार वाटलं, म्हणून सांगू!

स्टुडिओच्या साहेबांना मात्र घाम फुटला. कुणीतरी चहाडी केली होतीच. त्यांनी कानेजिरोला समोर उभं केलं.

"उएकुसासान, अक्कल गहाण ठेवलीत का? उद्या त्याला कळलं तर सगळा करार बोंबलेल! आत्ताच्या आत्ता हॉटेलवर जा आणि पाय धरा त्याचे. नाहीतर या फाटकातून पुन्हा आत येऊ नका."

"कळलं तर पाहिजेच त्याला," कानेजिरो म्हणाला. "त्याला कळल्याशिवाय मजा काय?"

असा तो दुपारी हिबियाच्या हॉटेलात गेला. म्हणायला माफी मागायला. मनातून रॅगलंडचं तोंड काळंठिक्कर पडलेलं बघायला. इवाहाशी दारातच भेटली. "आजोबा, मी हातापाया पडते, मोजकं बोला."

दार उघडलं आणि कानेजिरो बघतच राहिला. रॅगलंड नुकताच अंघोळ करून आला होता. हॉटेलात पाहुण्यांना देतात तो सुती किमोनो त्याने आपल्या हाताने गुंडाळला होता. उजवी बाजू वर! स्वतःच! रोज सकाळी हा बाबा आपल्या हाताने आपलं मढं करून न्याहारीला बसत होता, आणि त्याचा केसही वाकडा झाला नव्हता.

इवाहाशीने चाचरत सगळं सांगितलं. फोटो, बाजू, मढं, लोकांचं हसणं. रॅगलंडने ऐकून घेतलं, खाली आपल्या छातीकडे पाहिलं आणि गडगडाटी हसला.

"साहेब म्हणतात, एवढंच ना? भारी गंमत आहे. म्हणतात, आमच्याकडेही हा फोटो छापू या."

कानेजिरोच्या कानशिलात रक्त चढलं. एवढा जपून केलेला सूड, आणि तो या माणसाच्या अंगावरून पाण्यासारखा ओघळून गेला! ज्याला मढ्याचा कपडा म्हणजे काय तेच माहीत नाही, त्याला तो नेसवून काय उपयोग?

"त्याला निजायला सांग," तो म्हणाला.

"काय?"

"त्या कोचावर. आडवं व्हायला सांग. म्हणावं, माफी मागायची आमची हीच रीत."

"आजोबा, वेड लागलंय का तुम्हाला?"

"सांग, पोरी. आणि मी जे जे बोलेन ते शब्दन् शब्द त्याच्या भाषेत सांगायचं. एक शब्द खाल्लास तर याद राख."

रॅगलंडला गंमत वाटली. तो कोचावर आडवा झाला, हात पोटावर ठेवले. कानेजिरो गुडघे टेकून बसला. टेबलावरच्या तांब्यातलं पाणी त्याने पंचावर ओतलं, पिळला आणि त्या परक्या माणसाचं कपाळ पुसायला लागला.

"पाणी गार आहे गं," तो म्हणाला. "गरम करायला जाळ नाही. अख्खं गाव जळलं आणि तुझ्या बापाला एक पेटती काडी मिळेना."

इवाहाशीने सांगितलं. रॅगलंड हसता हसता थांबला.

"केस आईने विंचरले असते. माझ्या हाताने गुंता होतो. दुखलं तर सांग. नाही, नको सांगू. पडून राहा."

त्याने रॅगलंडच्या छातीवरची बाजू सारखी केली, वळ्या काढल्या, पुन्हा सारखी केली. "उजवी वर हं. लहानपणी तू चुकून अशी घालायचीस आणि आई हातावर चापट मारायची. आज कुणी मारणार नाही. आज बरोबर आहे." रॅगलंड उठायला लागला. कानेजिरोने त्याच्या छातीवर हात दाबून त्याला खाली लोटलं. "पडून राहा! एकदा कापलंस. आता पुरतं ऐक." इवाहाशीने तेही सांगितलं. तिचा आवाज चिरकला होता, पण शब्द तिने खाल्ला नाही.

आणि मग कानेजिरो बोलत राहिला. वाटेत नदी लागेल, घाबरू नको. धूर आता संपला. कारखान्याचा भोंगा झाला तरी उठायचं नाही. आम्ही मागून येतो. उशीर होईल, पण येतो. सगळा प्रसंग, होता तसा. शेवटी त्याने पंचाची घडी घातली आणि हात मांडीवर ठेवले.

रॅगलंड उठून बसला. त्याच्या चेहऱ्यावरचा लाल रंग उतरला होता.

"साहेब विचारतात, हे चित्रपटात होतं?"

"होतं."

"ते म्हणतात, त्यांच्या लोकांनी कागदावर लिहून दिलं होतं, म्हातारा पुटपुटतो, मुलगी मेलेली, लांबण, काढून टाका. काय बोलतोय ते कुणी सांगितलं नाही."

"याने विचारलं का कुणाला?"

रॅगलंडने आणखी काहीतरी विचारलं. इवाहाशीने ते कानेजिरोला सांगितलंच नाही. स्वतःच उत्तर दिलं आणि डोळे पुसले. पोरगी खरीच होती, याची स्वतःची, हेच तिने सांगितलं असणार, ते रॅगलंडच्या तोंडावरून कळत होतं. तो खाली मान घालून बसला. मग हळूहळू बोलायला लागला.

"आजोबा," इवाहाशी म्हणाली, "ते म्हणतात, मी हा प्रसंग परत घालतो. पूर्ण. खाली शब्द लिहून. तिकडच्या थिएटरांत आणि इथल्याही. परवा ते परत जाणार आहेत, तेव्हा उद्या तुम्ही त्यांच्या शेजारी बसून सांगायचं, कुठे काय ठेवायचं. तुमच्या शब्दाशिवाय ते हात लावणार नाहीत." ती पुढे वाकली. "हो म्हणा, आजोबा. पटकन हो म्हणा."

आता सांगतो, त्या क्षणी कानेजिरोला काय वाटलं ते. त्याला सुख झालं. फोटोने जे दिलं नव्हतं ते आता मिळालं. हा लालबुंद, हसरा, खांद्यावर थापा मारणारा माणूस आज प्रथमच त्याच्याकडून काहीतरी मागत होता. द्यायचं की नाही ते कानेजिरोच्या हातात होतं. अशी संधी सूड घेणाऱ्याला जन्मात एकदा मिळते.

"नाही," तो म्हणाला.

"आजोबा!"

"नाही म्हणजे नाही. माझ्या पोरीला मी त्याच्या पाइपवाल्याशेजारी निजवणार नाही. तेव्हा नको होतं ना? आता हवं झालं तरी मिळणार नाही. जन्मभर आठवत बस म्हणावं."

त्याने रॅगलंडचं तोंड पडलेलं नीट डोळे भरून पाहिलं, कमरेतून अगदी व्यवस्थित वाकून नमस्कार केला आणि बाहेर पडला. हिबियापासून स्टेशनपर्यंत तो तरंगतच गेला.

घरी आला तेव्हा दिवेलागण झाली होती. सावा मुळा किसत होती. कानेजिरो चपला काढायच्या आधीच बोलायला लागला. कोच, गार पाणी, त्याला कसा खाली लोटला, त्याचं तोंड कसं उतरलं. नटच तो, रॅगलंडची खाली गेलेली मानसुद्धा करून दाखवली.

"आणि मग काय म्हणतो ठाऊक आहे? परत घालतो म्हणतो तोशीचा प्रसंग! सगळीकडे दाखवतो म्हणतो! मी त्याच्या तोंडावर नाही म्हणालो. फाडकन!"

मुळा किसायचा आवाज थांबला.

"आणि मला विचारलंत?" सावा म्हणाली.

"तुला? तुला काय विचारायचं त्यात? सूड माझा..."

"पोरगी माझी होती." तिने मान वर केली नाही. "आता जुना चित्रपट कुणी लावत नाही. त्या थिएटरात जाऊन मी शेवटपर्यंत बसले. आता येईल, आता येईल म्हणून बसले. लोक तुम्हाला हसले ते तुमच्या जिव्हारी लागलं. मला तर ते ऐकूसुद्धा आलं नाही हो."

कानेजिरो दारातच उभा राहिला. सावा उठली. ओले हात पुसले, बाहेरचा किमोनो अंगावर घेतला, आरशात न बघता केस सारखे केले.

"कुठे निघालीस?"

"हिबियाला. परवा जाणार ना तो?"

"त्याच्यापुढे हात पसरायला? मी नाही म्हणून आलोय सावा! माझी काय किंमत राहील?"

"तुमचा सूड झाला ना? पोट भरलं ना? मग झालं तर. तुम्ही नका वाकू. मी वाकते. त्याच्या पायांवर डोकं ठेवायला सांगितलं तर तेही ठेवते. तुम्ही फक्त ते हॉटेल कुठे आहे ते दाखवा, आणि त्या दुभाष्या पोरीला हाक मारा."

ती त्याच्या अंगावरून पुढे गेली आणि गल्लीत उतरली. थांबली नाही, मागे वळून पाहिलं नाही. कानेजिरोने खिशातला तो फोटो चाचपला, पण बाहेर काढला नाही. मग तो तिच्या मागोमाग स्टेशनकडे निघाला. तिच्या बरोबरीने चालायची त्याची हिंमत झाली नाही.